तीन महिन्यांत मागे घेतलेलं एमएसचं औषध परत कसं आलं: नतालिझुमॅबचं प्रकरण

२८ फेब्रुवारी २००५ ला बायोजेन आयडेक आणि इलॅन या दोन कंपन्यांनी टायसाब्री (मूळ औषधाचं नाव नतालिझुमॅब) हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, औषध बाजारातून मागे घेतलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला मंजुरी दिली होती २३ नोव्हेंबर २००४ ला, म्हणजे जेमतेम तीन महिने झाले होते. तोवर एमएसवर इतकं जोरकस औषध आलेलंच नव्हतं, लोक वाट बघून बसलेले, हजारो जणांना ड्रिप सुरू झालेली, आणि तेवढ्यात ट्रायलमधल्या दोन जणांना पीएमएल नावाचं मेंदूचं इन्फेक्शन झाल्याचं कळलं, त्यातली एक व्यक्ती दगावली होती. सगळं तिथेच थांबलं. आणि मग सव्वा वर्षाने, जून २००६ मध्ये, तेच औषध, एक रेणूही न बदलता, परत आलं आणि आजही वापरात आहे.

हे प्रकरण मला नीट मांडायचंय कारण एमएस हा रोग आत कसा चालतो आणि त्यावरचं औषध कसं घडतं, या दोन्ही गोष्टी इथे जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच औषधात दिसत नाहीत असं माझं ठाम मत आहे. या औषधाची ताकद आणि याचा धोका एकाच जागेतून येतात. २००६ मध्ये ते परत आलं तेव्हा धोका तसूभरही कमी झालेला नव्हता, खरं काम त्यानंतरच्या सहा वर्षांत झालं, जेव्हा "हजारात एक" हा सगळ्यांना लावलेला सरसकट आकडा मोडून माणसागणिक वेगळा आकडा काढता यायला लागला.

आधी रोग समजून घेऊ. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, ते घालतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी, आणि अशी एक पेशी अनेक तंतूंना आवरण पुरवते, त्यामुळे एक पेशी मेली की नुकसान एकाच तंतूचं होत नाही. एमएसमध्ये शरीराचीच इम्यून सिस्टीम या आवरणावर तुटून पडते. आवरण गेलं की सिग्नल मंदावतो नाहीतर अडतोच, आणि मग ज्या जागी हल्ला झालाय त्याप्रमाणे त्रास होतो, कोणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कोणाचे पाय बधिर होतात, कोणाचा तोल जातो, कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो, आणि थकवा तर असा की झोप काढूनही जात नाही. साधारण ८५ टक्के लोकांमध्ये सुरुवात अशी होते की अटॅक येतो, काही आठवड्यांनी उतरतो, मग मध्ये बरे दिवस, मग परत अटॅक. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पद्धतशीर वर्णन केलं, पण अटॅक कमी करणारं पहिलं मंजूर औषध, इंटरफेरॉन बीटा, यायला १९९३ उजाडलं. आणि तेही अटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी करायचं. काहीच नव्हतं त्याच्या तुलनेत खूप, पण ज्याला वर्षाला दोन-दोन अटॅक येतायत त्याच्यासाठी अपुरं.

आता मुद्द्याचा प्रश्न. आवरणावर हल्ला करणाऱ्या टी सेल्स, म्हणजे इम्यून सिस्टीमच्या पांढऱ्या पेशी, मेंदूत येतात कुठून? येतात रक्तातून, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर फार घट्ट विणलेलं असतं, रक्तातली कुठलीही पेशी सहज आत शिरेल असं होत नाही. सूज असलेल्या जागी मात्र त्या अस्तरावर व्हीकॅम-१ नावाचं प्रोटीन उगवतं, आणि टी सेलच्या अंगावर व्हीएलए-४ नावाचं प्रोटीन असतं, म्हणजेच अल्फा-४ बीटा-१ इंटेग्रिन. ही दोन एकमेकांना धरतात, वाहत चाललेली पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटते, थांबते, आणि मग भिंतीतून वाट काढत आत जाते. म्हणजे आत जाऊन काय करते हा पुढचा भाग झाला, आधी चिकटली पाहिजे.

हे चिकटणं नेमकं कशामुळे होतं ते शोधलं टेड येडनॉक, लॅरी स्टाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९२ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो कारण त्यात गुंतागुंत काहीच नाही. एमएससारखा आजार मुद्दाम घडवलेल्या प्राण्याच्या मेंदूचे गोठवलेले पातळ काप काचेवर घ्यायचे, त्यावर पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि बघायचं कुठे चिकटतात. चिकटायच्या त्या सुजलेल्या रक्तवाहिन्यांना. मग वेगवेगळ्या प्रोटीनवर बसणाऱ्या अँटीबॉडी एकेक करून आधी घालायच्या आणि परत बघायचं. बाकीच्यांनी फारसा फरक पडेना, अल्फा-४ बीटा-१ वरची अँटीबॉडी घातली की पेशी चिकटेनाशा व्हायच्या. तीच अँटीबॉडी जिवंत प्राण्याला दिली तर मेंदूत पेशी जमल्या नाहीत आणि लकवा आला नाही. मग उंदराच्या त्या अँटीबॉडीला माणसाच्या अँटीबॉडीचं रूप दिलं, ते नतालिझुमॅब. ३०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, तासाभराची ड्रिप.

बघा, हे औषध टी सेल मारत नाही, तिचं काम बंद पाडत नाही, तिला फक्त भिंतीला चिकटू देत नाही. इंटरफेरॉनसारखी औषधं नेमकी कशी काम करतात यावर वर्षानुवर्षं चर्चा चालायच्या, इथे मात्र यंत्रणा आधी कळली आणि औषध नंतर बनवलं. एमएसमध्ये हे फार कमी वेळा झालंय.

माणसांमध्ये काय झालं ते आकड्यांत सांगतो. २००३ च्या फेज २ ट्रायलमध्ये २१३ लोक होते, सहा महिने औषध दिलं, एमआरआयवर नवे उजळणारे डाग मोजले, प्लासिबोवाल्यांमध्ये, म्हणजे औषध नसलेली ड्रिप मिळालेल्यांमध्ये, माणशी सरासरी ९.६ आणि कमी डोसवाल्यांमध्ये ०.७. उजळणारा डाग म्हणजे गॅडोलिनियम हा एमआरआयसाठीचा पदार्थ टोचल्यावर जिथे ते रक्तातून मेंदूत झिरपतं ती जागा, म्हणजे तिथली भिंत सध्या फुटलेली आहे. तर जी भिंत राखायची होती ती राखली जातेय हे थेट डोळ्यांना दिसत होतं. मग अफर्म नावाची मोठी ट्रायल, ९४२ लोक, त्यात पहिल्या वर्षाचा अटॅकचा दर ६८ टक्क्यांनी घसरला, आणि दोन वर्षांत अपंगत्व कायमचं वाढलेल्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून १७ वर आलं. दुसरी ट्रायल सेंटिनल, ११७१ लोक, त्यात इंटरफेरॉन चालू ठेवून वर नतालिझुमॅब. एफडीएने एकाच वर्षाचे निकाल बघून झटपट मंजुरी दिली.

या घाईवर नंतर खूप टीका झाली. माझं मत थोडं वेगळं आहे. सेंटिनलमधल्या ज्या दोघांना पीएमएल झालं त्या दोघांनाही औषध सुरू होऊन दोन वर्षांहून जास्त काळ झालेला होता, त्यामुळे एक वर्ष काय, पूर्ण दोन वर्षांची ट्रायल संपेपर्यंत थांबले असते तरी हा धोका ठळक दिसला असता असं नाही. हजारात एकाला आणि तेही दोन वर्षांनंतर होणारी गोष्ट हजारभर लोकांच्या ट्रायलमध्ये पकडता येतच नाही. टीका करायचीच तर ती अशी करता येते की मेंदूतली पेशींची ये-जा थांबवणारं औषध देताना मेंदूत दडून बसणाऱ्या व्हायरसचं काय होईल हा प्रश्न यंत्रणेकडे बघूनच विचारता आला असता आणि तो पुरेशा जोरात विचारला गेला नाही.

पीएमएल, म्हणजे प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी, हे नाव १९५८ पासूनचं. ते होतं जेसी व्हायरसमुळे, जो १९७१ मध्ये एका पेशंटच्या मेंदूतून वेगळा काढला गेला आणि त्याच पेशंटच्या नावाची आद्याक्षरं त्याला मिळाली. हा व्हायरस जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतो, किडनीत गुपचूप पडून असतो, लघवीतून अधूनमधून बाहेर पडतो, आणि आयुष्यभर काहीही करत नाही. करतो कधी, तर इम्यून सिस्टीम फार कोलमडली की, म्हणून पीएमएल मुख्यतः एड्स आणि रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये दिसायचं. आणि हा व्हायरस मेंदूत जाऊन मारतो कोणाला? ऑलिगोडेंड्रोसाइटला. त्याच पेशीला, जिला वाचवायला एमएसचं औषध दिलं जातंय. हे वाचल्यावर मी पहिल्यांदा थबकलो होतो. एकाच पेशीचे दोन शत्रू, एक शरीराची स्वतःची टी सेल आणि दुसरा व्हायरस, आणि दुसऱ्याला धाकात ठेवायचं काम पहिल्याच्याच भाऊबंदांकडे. चोर नको म्हणून दार लावलं तर पहारेकरीही बाहेर राहिला, असा प्रकार.

आणि हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. नतालिझुमॅबवर असलेल्या लोकांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं तेव्हा त्यात सीडी४ आणि सीडी८ या टी सेलच्या दोन प्रकारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण एचआयव्हीच्या पेशंटमध्ये दिसतं तसं उतरलेलं सापडलं, आणि औषध थांबवून सहा महिने झाले तरी पेशी कमीच होत्या. रक्तात मात्र पेशी भरपूर, उलट नेहमीपेक्षा जास्त, कारण त्यांना बाहेर पडायला वाट नाही. म्हणजे नेहमीची रक्त तपासणी केली तर माणसाची इम्यून सिस्टीम ठणठणीत दिसणार आणि मेंदूत मात्र पहारा नाही. याशिवाय हे औषध हाडाच्या मगजातून कच्च्या पेशी रक्तात सोडतं, आणि त्यातून व्हायरसला वाट मिळते का यावरही बराच अभ्यास झालाय, ते अजून पक्कं बसलेलं नाही.

तिसरी केस सापडली ती मागे वळून बघताना. क्रोन्स या आतड्याच्या आजारासाठीही या औषधाची ट्रायल चालू होती, आणि त्यातला एक पेशंट आधीच, २००३ मध्ये, दगावला होता, तेव्हा निदान झालं होतं ब्रेन ट्युमर. फेब्रुवारी २००५ नंतर त्याच्या मेंदूचा जपून ठेवलेला नमुना परत काढून तपासला तर ते पीएमएल होतं. त्याच्या रक्ताचे गोठवून ठेवलेले नमुनेही होते आणि त्यात त्रास सुरू व्हायच्या दोन महिने आधीपासून जेसी व्हायरस सापडला. हे महत्त्वाचं अशासाठी की सेंटिनलमधल्या दोघांना इंटरफेरॉनही चालू होतं म्हणून "दोन औषधं एकत्र दिल्यामुळे झालं" असं म्हणायला जागा होती, पण या पेशंटला इंटरफेरॉन नव्हतंच. आधी इम्यून सिस्टीम दाबणारी दुसरी औषधं मात्र त्याला दिलेली होती, आणि हा धागा पुढे कामाला आला.

औषध थांबल्यावर सगळ्यात मोठं काम झालं ते हे, की ज्यांनी ज्यांनी ट्रायलमध्ये हे घेतलं होतं त्यांना शोधून तपासायचं. ३११६ लोकांची तपासणी झाली, ज्यांच्याबद्दल जरा जरी शंका होती अशा ४४ जणांना तज्ज्ञांच्या पॅनेलकडे पाठवलं, एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी, रक्तातला व्हायरस. नवी केस एकही सापडली नाही. मग हिशोब निघाला, सरासरी १७.९ महिने औषध घेतल्यावर हजारात एक. पण केस फक्त तीन असल्यामुळे या आकड्याचा विश्वास बसावा असा पट्टा होता हजारात ०.२ पासून २.८ पर्यंत, म्हणजे पाच हजारात एक असेल किंवा हजारात जवळपास तीन असतील. एवढ्या धूसर आकड्यावर निर्णय घ्यायचा होता.

७ आणि ८ मार्च २००६ ला एफडीएच्या सल्लागार समितीची बैठक झाली. तिथे एमएसचे पेशंट स्वतः बोलायला उभे राहिले, आणि त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं असं की धोका आम्हाला सांगा आणि निर्णय आम्हाला करू द्या. बाहेरून बघणाऱ्याला रोगापेक्षा औषध भयंकर वाटू शकतं, पण ज्याचं चालणं दर अटॅकला थोडं थोडं हातातून निसटतंय त्याच्या डोळ्यांसमोर औषध न घेण्याचा धोकाही तितकाच ठळक असतो, आणि तो हजारात एक नसतो, खूप मोठा असतो. समितीने १२ विरुद्ध ० मतांनी औषध परत आणायची शिफारस केली. ५ जून २००६ ला एफडीएने परवानगी दिली, आणि युरोपातही त्याच महिन्यात मंजुरी मिळाली.

परत आलं ते अटींसकट. एकट्यानेच द्यायचं, इंटरफेरॉनसोबत नाही. अमेरिकेत टच नावाचा कार्यक्रम लावला, त्यात डॉक्टर, ड्रिप देणारं सेंटर, फार्मसी आणि पेशंट अशी सगळ्यांची नोंदणी सक्तीची. प्रत्येक ड्रिपच्या आधी नर्स ठरलेले प्रश्न विचारते, गेल्या महिन्यात विचार करण्यात, दिसण्यात, तोलात किंवा ताकदीत काही नवीन बदल झालाय का जो काही दिवस टिकलाय, आणि उत्तर "हो" आलं तर ड्रिप न लावता आधी डॉक्टरांना फोन. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो कारण एमएसच्या पेशंटला असं काही ना काही रोजच होत असतं, त्यामुळे तो स्वतःहून सांगेलच असं नाही. समोर बसून, दर चार आठवड्यांनी, त्याच शब्दांत विचारलं तरच उत्तर येतं.

दोन वर्षं शांततेत गेली आणि जुलै २००८ मध्ये युरोपातून दोन नव्या केस आल्या, दोन्ही एकट्या नतालिझुमॅबवर. मग येतच राहिल्या. फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीपर्यंत ९९,५७१ लोकांनी औषध घेतलेलं होतं आणि पीएमएलच्या २१२ केस पक्क्या झाल्या होत्या, म्हणजे हजारात २.१. ज्यांनी २००६ ला विरोध केला होता त्यांचं म्हणणं खरं ठरतंय असं वाटावं अशीच ही परिस्थिती होती. पण तोवर प्रश्नच बदललेला होता. किती जणांना होतं हे विचारून झालं होतं, आता विचारत होते कोणाला होतं.

उत्तर आलं रक्तातल्या अँटीबॉडीतून. ज्याला जेसी व्हायरस कधी झालाच नाही त्याला पीएमएल व्हायचं कारण नाही, आणि व्हायरस झालाय की नाही हे त्याविरुद्धच्या अँटीबॉडीवरून कळू शकतं. २०१० मध्ये निघालेल्या अभ्यासात एमएसच्या साधारण ५४ टक्के पेशंटमध्ये ही अँटीबॉडी सापडली, आणि पीएमएल झालेल्या ज्या १७ जणांचे आजाराआधीचे रक्ताचे नमुने हातात होते ते १७ च्या १७ पॉझिटिव्ह निघाले. नुसत्या योगायोगाने असं होणं जवळपास अशक्य. एफडीएने जानेवारी २०१२ मध्ये या टेस्टला मान्यता दिली. त्याच वर्षी आलेल्या विश्लेषणात तीन गोष्टी एकत्र आल्या, अँटीबॉडी आहे का, आधी इम्यून सिस्टीम दाबणारी औषधं घेतली होती का (तो क्रोन्सचा पेशंट आठवा), आणि नतालिझुमॅब किती काळ चालू आहे. अँटीबॉडी नाही, तर धोका हजारात ०.०९ किंवा त्याहून कमी. तिन्ही गोष्टी आहेत, म्हणजे पॉझिटिव्ह, आधीची औषधं, आणि दोन ते चार वर्षं उलटलेली, तर हजारात ११.१, म्हणजे साधारण नव्वद जणांत एक. एकच औषध, एकच डोस, आणि धोक्यात शंभरपटीहून जास्त फरक! दोघांना एकच "हजारात दोन" सांगणं म्हणजे दोघांनाही चुकीचं सांगणं होतं. पुढे अँटीबॉडी किती आहे याचा इंडेक्सही आला, त्यामुळे पॉझिटिव्हमध्येही कमी आणि जास्त धोक्याचे वेगळे काढता येतात. टेस्ट एकदाच करून भागत नाही हेही सांगायला हवं, निगेटिव्ह माणूस पुढे पॉझिटिव्ह होऊ शकतो म्हणून ती साधारण दर सहा महिन्यांनी परत करतात.

आता जरा डॉक्टरच्या खुर्चीत बसून बघा. पेशंट पॉझिटिव्ह आहे, तीन वर्षं औषध चालू आहे, एकही अटॅक नाही, आणि एमआरआयवर एक नवा डाग दिसतो. एमएस की पीएमएल? एमएसचे डाग बहुतेक मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने, अंडाकृती, कडा स्पष्ट. पीएमएलचा डाग साधारणपणे मेंदूच्या वरच्या थराच्या अगदी खालून सुरू होतो, बाहेरची कड त्या थराला लागून धारदार आणि आतली कड पुसट, आकाराने मोठा असला तरी आजूबाजूला दाब देत नाही. लक्षणांतही फरक, एमएसचा अटॅक काही दिवसांत चढतो आणि थांबतो, पीएमएल आठवड्यांमागून आठवडे चढतच राहतं, आणि वागण्या-बोलण्यातला बदल, शब्द न सुचणं, एक बाजू लुळी पडणं, अर्धं दिसेनासं होणं अशा गोष्टी त्यात जास्त. अटॅक समजून स्टिरॉइड दिलं आणि ते पीएमएल निघालं तर आपणच व्हायरसला मोकळं रान दिलं असं होतं. म्हणून शंका आली की पहिलं काम ड्रिप थांबवणं, मग बाकीचं. लक्षणं यायच्या आधी नुसत्या एमआरआयवर पकडलं तर जगण्याची आणि सावरण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून जास्त धोक्याच्या पेशंटचा एमआरआय दर तीन-चार महिन्यांनी करायची पद्धत पडली.

आणि पीएमएल आहेच असं ठरलं तरी पुढे सोपं नाही. व्हायरसवर खात्रीचं औषध नाही, इलाज एकच, नतालिझुमॅब काढून टाकायचं आणि इम्यून पेशींना परत आत येऊ द्यायचं. पण त्या आल्या की एकदम लोंढ्याने येतात आणि त्यांच्या हल्ल्यानेच मेंदूला सूज येते, याला आयरिस म्हणतात, आणि यातच काही पेशंट दगावतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. एड्समधल्या पीएमएलच्या तुलनेत इथे वाचण्याचं प्रमाण चांगलं आहे, साधारण चारातले तीन वाचतात, पण वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मोठं अपंगत्व राहतं.

बरं, पीएमएल झालेलं नाही पण भीती वाटते म्हणून औषध बंद केलं तर? औषधाचा अंमल उतरतो आणि तीन ते सहा-सात महिन्यांत रोग परत उसळतो, काहींमध्ये तर सुरुवातीला होता त्याहून जोरात. म्हणून नुसतं बंद करून चालत नाही, पुढचं औषध ठरवून आणि मधली गॅप कमीत कमी ठेवूनच सोडावं लागतं. इकडे आड तिकडे विहीर अशी ही अवस्था बरीच वर्षं होती, मग कोणीतरी साधा विचार केला, चार आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी दिलं तर? टच कार्यक्रमाच्या नोंदी सक्तीच्या होत्या म्हणून हे तपासता आलं, आणि २०१९ मध्ये निघालेल्या विश्लेषणात अँटीबॉडी पॉझिटिव्ह लोकांत अंतर वाढवल्यावर पीएमएलचा धोका ९४ टक्क्यांनी कमी दिसला. आणि नोव्हा नावाच्या ट्रायलमध्ये, जिचे निकाल २०२२ मध्ये छापले, चार आठवड्यांवर स्थिरावलेल्या बहुतेकांना सहा आठवड्यांवर नेलं तरी रोगावरचा ताबा सुटला नाही. २००६ मध्ये सुरक्षेसाठी म्हणून लावलेल्या त्या कटकटीच्या फॉर्मांमधून तेरा वर्षांनी हे हाती लागलं, याचं मला फार मोल वाटतं.

या प्रकरणाची दुसरी शिकवण रोगाबद्दलची आहे आणि ती जरा जड जाते. एमएसच्या अनेक पेशंटमध्ये काही वर्षांनी अटॅक कमी होतात पण अपंगत्व हळूहळू वाढतच जातं, याला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह म्हणतात. नतालिझुमॅबने भिंत इतकी पक्की बंद होते तर मग ही अवस्थाही थांबायला हवी, या आशेने असेंड नावाची ट्रायल झाली, ८८९ लोक, दोन वर्षं. मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. हाताच्या कामात थोडा फायदा दिसला, चालण्यात नाही. म्हणजे तोपर्यंत आग आतच लागलेली असते, मेंदूच्या आवरणांमध्ये बी सेल्स या दुसऱ्या प्रकारच्या इम्यून पेशींचे पुंजके बसलेले, जुन्या डागांच्या कडेने मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या पेशी धुमसत असलेल्या, आणि मायलिन गेलेला तंतू ऊर्जा खर्चून खर्चून थकून मरणारा. या सगळ्याला बाहेरून येणाऱ्या टी सेलची गरजच उरलेली नसते. दार बंद करणं उपयोगी पडतं ते लवकर केलं तर, आणि अटॅकवाल्या टप्प्यात लवकर जोरकस औषध द्यावं की सौम्य औषधापासून सुरुवात करून चढत जावं या वादात मी पहिल्या बाजूचा आहे तो याच कारणाने.

यंत्रणा नीट कळली की धोका कसा टाळता येतो याचं उत्तम उदाहरण मात्र एमएसच्या बाहेर, आतड्याच्या आजारात आहे. नतालिझुमॅब अल्फा-४ धरतं, आणि अल्फा-४ बीटा-१ सोबत असलं तर पेशीला मेंदूत जायला मदत करतं, बीटा-७ सोबत असलं तर आतड्यात. मग फक्त अल्फा-४ बीटा-७ ची जोडी धरणारी अँटीबॉडी बनवली, वेडोलिझुमॅब, जिला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. आतड्याची वाट बंद, मेंदूची मोकळी, पहारा जागेवर. उलट बाजूचा पुरावा एफालिझुमॅबचा, सोरायसिसवरचं औषध, वेगळ्या प्रोटीनवर बसणारं पण पेशींचं चिकटणं रोखणारंच, आणि तेही २००९ मध्ये पीएमएलमुळेच बाजारातून गेलं. एमएसमध्ये मात्र असा सुटसुटीत मार्ग निघत नाही कारण हल्ला करणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या पेशी एकाच वाटेने एकाच अवयवात जातात.

म्हणून आता जोर आहे तो भिंतीच्या आत जाऊन काम करू शकणाऱ्या लहान रेणूंवर. टोलेब्रुटिनिब ही अशीच एक गोळी, बी सेल आणि मायक्रोग्लिया या दोन्हींमधलं बीटीके नावाचं एन्झाइम दाबते. हर्क्युलस ट्रायलमध्ये, अटॅक थांबलेल्या पण अपंगत्व वाढत असलेल्या सेकंडरी प्रोग्रेसिव्ह पेशंटमध्ये, सहा महिने टिकणारं अपंगत्व वाढण्याचा धोका तिने प्लासिबोच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी केला. असेंड जिथे अडली नेमकी तीच जागा. आणि अटॅकच्या बाबतीत हीच गोळी टेरिफ्लुनोमाइड या एमएसच्या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, जे खरंतर आत आणि बाहेर असे दोन वेगळे रोग चालू असतात या चित्राशी जुळतंच. तिच्यातही पहिल्या ९० दिवसांत थोड्या लोकांच्या लिव्हरला गंभीर इजा झालेली आहे, एका पेशंटचा तर लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरच्या गुंतागुंतीत जीव गेला, त्यामुळे सुरुवातीचे बारा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं. ती इजा नेमकी कोणाला होणार हे आधी सांगणारी, जेसी व्हायरसच्या अँटीबॉडीसारखी टेस्ट तिच्यासाठी अजून हातात नाही.